नंबरप्लेट कुणाला हवी होती?

१

विमावाल्यांच्या गाडीची पुढची नंबरप्लेट जागेवर नाही, हे सगळ्यांत आधी मावशीनं पाहिलं आणि तिनंच ओरडून सांगितलं. लोकांचा सकाळचा चहा निवायच्या आत चोर म्हणून तिचंच नाव झालं होतं.

मावशी आमच्या इमारतीतल्या गाड्या पुसते. गल्लीतल्या इतर इमारतींतही तिची हीच कामं आहेत. विमावाले दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि विमा कंपनीत साहेब आहेत. घरातही ते साहेबच असतात, असं त्यांच्या घरातले लोक सांगतात.

मी तळमजल्यावर राहतो. माझी खिडकी पार्किंगकडे उघडते. निवृत्त ग्रंथपालाला एक खिडकी आणि एक पुस्तक दिलं की तो वर्षभर हलत नाही, असं आमची ही म्हणते. त्या सकाळी मी हललो, पण खांबापर्यंतच. त्याच्या आड उभा राहून ऐकत होतो.

"रोज बादली घेऊन गाड्यांभोवती कोण फिरतं? ही," विमावाले म्हणाले. "भंगाराचं दुकान कुणाच्या नवऱ्याचं? हिच्याच."

"अहो साहेब, मीच सांगितलं ना तुम्हाला? चोर कधी दवंडी पिटतो का?"

"चोराच्या उलट्या बोंबा! दुसरं काय?"

पोलीस येऊन तक्रार लिहून गेला होता. जाताना तो एवढंच म्हणाला की अशा प्लेटा चोरून दुसऱ्या गाडीला लावतात. मग दरोडा ते घालतात आणि दार मात्र खऱ्या मालकाचं वाजतं. तेव्हापासून विमावाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. माणूस ओरडत होता तो भीतीनं, हे मला कळत होतं. पण ओरडणाऱ्याला कोण सांगणार?

शेवटी अण्णांनी काठी आपटली. अण्णा म्हणजे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष आणि माझे एकुलते एक मित्र. उभा जन्म त्यांनी पूल बांधण्यात घालवला. पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या तोंड बाहेर करून लावायच्या, आग लागली तर पटकन निघता यावं, हा नियमही त्यांचाच. नियम मोडणाऱ्याच्या काचेवर ते स्वतः चिठ्ठी चिकटवत.

"संध्याकाळी सभा घेऊ," ते म्हणाले. "तोवर आपला ग्रंथपाल चौकशी करेल. जन्मभर रहस्यकथा वाचल्यात त्यानं. कुठे आहे तो?"

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. "इथेच आहे, अण्णा," मी म्हणालो.

सगळे हसले. मावशी हसली नाही. "काका, सभेत मला काढलं ना, तर गल्लीत एक घर मला काम देणार नाही," ती म्हणाली. "चोर म्हणून गेलेल्या बाईला परत कुठेच घेत नाहीत."

तिसऱ्या मजल्यावरचा पैलवान जिन्यातून ओरडला, "काका, चोर घरातलाच निघाला तर काय कराल?"

तेव्हा मात्र अण्णाही हसले नाहीत.

२

गर्दी पांगल्यावर मी गाडीजवळ गेलो. मला वाहनांमधलं काही कळत नाही. मी वाकलो, ते खरं तर कुणी बघत असेल तर काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून.

प्लेट प्लास्टिकची होती. तिचे दोन्ही स्क्रू मात्र बंपरवर जसेच्या तसे घट्ट बसलेले होते आणि एकेका स्क्रूखाली पांढऱ्या प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा अडकून राहिला होता. म्हणजे प्लेट कुणी स्क्रू काढून नेली नव्हती. उपटली होती. घाईत असेल, मी मनात म्हटलं.

गाडीसमोरच्या फरशीवर आणखी एक गोष्ट होती, किंवा खरं सांगायचं तर तिथे काहीच नव्हतं. पार्किंगभर वाळलेली पानं पडलेली होती. फक्त या गाडीपुढे अंथरुणाएवढी जागा लख्ख झाडलेली होती.

"मावशी, हे तू झाडलंस?"

"मी कशाला झाडू? मी पुसते. झाडायला सोमवारी बाई येते." ती बादली पिळत होती. "काका, तुम्ही पण मलाच विचारताय?"

"तसं नाही गं. सगळ्यांनाच विचारतोय."

"पहिलं मला विचारताय."

ती फडकं वाळत घालायला वळली तेव्हा मी तिच्या बादलीत डोकावून पाहिलं. गढूळ पाणी आणि तळाशी एक ब्रश. मान वर केली तर ती माझ्याकडेच बघत होती.

"हात घालून बघा की," ती म्हणाली. "पाणी गार आहे, एवढंच."

माझे कान तापले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "सकाळी आलीस तेव्हा खाली कोण होतं?"

"अण्णा होते. गेटपाशी उभे होते. म्हणाले, आजपासून माझी गाडी पुसायची नाही. मी म्हटलं, काय चुकलं माझं? तर म्हणाले, चुकलं काही नाही, नको म्हणजे नको." तिचा आवाज बारीक झाला. "इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी नाही म्हटलेलं नाही. त्यांनाही माझाच संशय, काका. मग बाकीच्यांचं काय बोलायचं?"

मला वाईट वाटलं. वाईट वाटलं की माणूस विचार करायचा थांबतो. मीही थांबलो. ती काय सांगून गेली हे मला दुपारपर्यंत कळलं नाही.

३

पैलवानाकडे जायला मी घाबरत होतो. तो व्यायामशाळा चालवतो आणि त्याची गाडी विमावाल्यांच्या गाडीची जुळी बहीण आहे. तोच रंग, तेच मॉडेल. सिग्नल तोडल्याचे त्याचे दंड इमारतीत प्रसिद्ध आहेत. दुसऱ्याचा नंबर लावून फिरायची सोय कुणाला हवी असेल, तर यालाच.

"या काका, मला बेड्या घालायला आलात?" त्यानं दार उघडलं. "हे बघा दंड. मोजत बसू नका, दमाल. सगळे भरलेत. हवं तर घराची झडती घ्या. फक्त आईच्या खोलीत जाऊ नका, ती तुम्हालाच जेवायला बसवेल."

"काल संध्याकाळी तू खाली होतास?"

"जाता जाता. अण्णा वहिनींना दवाखान्यातून घेऊन आले होते. वहिनी लिफ्टकडे गेल्या आणि अण्णा खाली एकटेच होते. मी 'अण्णा!' म्हणून हात केला. समोरासमोर, काका! आणि त्यांनी चक्क बघून न बघितल्यासारखं केलं. आम्ही काय माणसं नाही का? पुलांवरून गाड्या आमच्याच जातात ना?"

अण्णांच्या पत्नीला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. एक दिवसाआड अण्णा त्यांना रक्त शुद्ध करून घ्यायला दवाखान्यात नेतात, स्वतः गाडी चालवत. त्या धावपळीत असलेल्या माणसानं हात केला नाही म्हणून पैलवानानं रुसावं, हे मला पटेना. तो विषय बदलतोय, असा संशय मी मनात ठेवला.

मग विमावाल्यांकडे गेलो. त्यांच्यावर संशय घ्यायला मला जरा बरंच वाटलं असतं.

"म्हणजे मीच माझी प्लेट चोरली?"

"तसं नाही म्हणालो."

"तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय! काका, रात्रभर मी झोपणार नाही. कुठे दरोडा पडला की माझा नंबर. कुणाला उडवलं की माझा नंबर. मुलीला काय सांगू? बाप आत का गेला?" ते खुर्चीत बसले. "ती बाई निर्दोष असेल तर मला आनंदच आहे. पण मग दुसरं कोण, ते सांगा. कोण?"

जिना उतरताना मला वाटलं, या चौकशीला मी कशाला हो म्हणालो? मग आठवलं, मी हो म्हणालोच नव्हतो. मला कुणी विचारलंच नव्हतं.

४

दुपारी मी खिडकीत बसलो, हातात पाण्याचा ग्लास. समोर पलीकडच्या रांगेत अण्णांच्या गाडीच्या मागच्या काचेतून वहिनींची हिरवी उशी दिसत होती. दवाखान्यातून येताना त्या पाठीला लावतात. माझं लक्ष तिच्यावर होतं आणि मन पैलवानावर. ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, तो कट्ट्यावर कमी आणि हवेत जास्त.

"फोडला?" ही स्वयंपाकघरातून आली. "हलू नका. पायात काच जाईल. शोधायला निघाले चोर आणि स्वतःच्या हातातला ग्लास सापडेना!"

ती झाडू घेऊन बसली आणि खिडकीपासून पार पलंगापर्यंत झाडत सुटली.

"अगं, काच इथे पडलीय. तिकडे कशाला झाडतेस?"

"माझा चष्मा आत राहिलाय. तुकडे दिसत नाहीत, म्हणून सगळंच झाडून काढते. दिसत असतं तर वेचले नसते?"

मी तिच्याकडे बघत राहिलो. मग फरशीकडे. मग खिडकीबाहेर.

अंथरुणाएवढी झाडलेली जागा. एखादी प्लेट उपटून नेणारा चोर झाडत बसत नाही. झाडतो तो, ज्याच्या हातून काही फुटलंय. आणि इतकं झाडतो तो, ज्याला तुकडे दिसत नाहीत. म्हणूनच स्क्रूखालचे दोन तुकडे राहून गेले.

सगळे विचारत होते, तो नंबर कुणाला हवा होता? पण फुटक्या प्लेटचा नंबर कोण कुठे लावणार? प्लेट कुणाला हवी नव्हतीच. ती कुणाला तरी दिसायला नको होती. फुटलेली प्लेट दिसली असती तर पहिला प्रश्न आला असता, धडक कुणी दिली? प्लेटच नाहीशी झाल्यावर तो प्रश्न कुणी विचारलाच नाही.

पण तोंड बाहेर करून लावलेल्या गाडीला पुढून धडकणार कोण? समोरच्या रांगेतला. आपली गाडी मागे घेऊन लावण्याआधी त्याला ती पुढे घ्यावी लागते, पार समोरच्या गाडीच्या नाकापर्यंत.

समोरच्या रांगेत मला हिरवी उशी दिसत होती.

रोज तिथे मला गाडीचे दोन दिवे दिसतात. कितीतरी वर्षं तेच दिवे माझ्या पुस्तकाकडे बघत आलेत. आज मात्र तिथे उशी होती. तोंड बाहेर ठेवायचा नियम ज्यानं केला, त्याची गाडी आज नाक भिंतीला लावून उभी होती.

"काय झालं? पांढरे पडलात," ही म्हणाली.

"काही नाही."

"कोण चोर, कळलं वाटतं."

"चोरी झालीच नाही," मी म्हणालो, आणि मला वाटलं, माझा तर्क चुकीचा निघाला तर किती बरं होईल.

५

मी आधी पार्किंगमध्ये गेलो. अण्णांची गाडी आणि भिंत यांच्यात हात जेमतेम जाईल एवढी फट होती. बोटांना बंपरवर एक खोल ओरखडा लागला. मावशीला गाडी पुसू नको असं अण्णांनी सकाळी सांगितलं, ते प्लेट गेल्याचं कुणाला कळायच्याही आधी. ती तिच्या दुःखात हेच सांगत होती आणि मी माझ्या वाईट वाटण्यात ते ऐकलं नव्हतं.

अण्णांनी दार उघडलं. मी काही बोललो नाही. ते माझ्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी बघत उभे राहिले.

"कोण आहे?"

"मी आहे, अण्णा."

"ग्रंथपाल! बोल की मग. मुक्यासारखा काय उभा?"

आतल्या खोलीत वहिनी झोपल्या होत्या. अण्णांनी चहा ओतला. कपाच्या काठावरून आत एक बोट सोडलेलं होतं आणि चहा बोटाला लागताच ते थांबले. हे मी पूर्वीही पाहिलं होतं आणि म्हातारपणाची लकब म्हणून सोडून दिलं होतं. सोसायटीचे कागद ते माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेत, "तुझ्या आवाजात ऐकायला बरं वाटतं" म्हणत. त्याचा तर मला अभिमान होता.

"अण्णा, तुमची गाडी उलटी लागलीय."

त्यांनी कप माझ्याकडे सरकवला.

"कधी कळलं?"

"दुपारी. किती दिवस दिसत नाही?"

"कडा दिसतात. मधलं गेलंय." त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यासमोर हात धरला. "तू आता मला कान आणि बाह्या एवढाच दिसतोस. नदीच्या पात्रावर मी खांबाला खांब जुळवले, रे. आणि काल समोरची गाडी हातभर लांब आहे की दोन हात, तेच कळेना."

"वहिनी गाडीत होत्या. रस्त्यात काही झालं असतं तर?"

"रस्ता ती सांगते. डावीकडे, उजवीकडे, सायकल आली, थांबा." ते किंचित हसले. "तिला दिसतं आणि मला चालवता येतं. दोघांचा मिळून एक ड्रायव्हर. किल्ली गेली तर ती म्हणेल, नको आता तो दवाखाना, किती लोकांना त्रास द्यायचा. एकदा ती तसं म्हणाली की संपलं. मी ओळखतो तिला."

"आणि मावशी?"

"मावशीला मी सभेत सांभाळून घेणार होतो. एकदा माफ करा म्हणून सांगणार होतो."

"चोर म्हणून सांभाळून घेणार होतात?"

अण्णांनी कप बशीवर ठेवला.

"प्लेट चपलांच्या कपाटात आहे, पिशवीत," ते म्हणाले. "तुकड्यांसकट. जा, ने, सांग सगळ्यांना." मग त्यांनी मान उचलली आणि माझ्या कानाकडे बघत म्हणाले, "पण तू सांगणार नाहीस. भरल्या सभेत तू आजवर तोंड उघडलेलं नाहीस. म्हणून तर चौकशी मी तुझ्याकडे दिली."

मी कपाटाला हात न लावता घरी आलो. त्यांचं म्हणणं खरं होतं.

६

सभा तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे टेबल, टेबलामागे अण्णा. मावशी दाराशी उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नाही आणि तीही बसली नाही. शेजारी तिची रिकामी बादली होती.

विमावाल्यांनी ठराव टाईप करून आणला होता. "वाचा आणि मतं घ्या," ते म्हणाले. "माझी झोप उडालीय. मला आजच निकाल हवा."

"ग्रंथपालानं चौकशी केली ना?" अण्णांनी विचारलं. "काय निघालं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो, तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. पैलवान म्हणाला, "बोला काका, घाबरू नका," आणि त्यानं मी आणखीच घाबरलो. मी खाली बसलो.

अण्णांनी सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता की निराशेचा, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. त्यांनी सवयीनं ठरावाचा कागद माझ्याकडे सरकवला.

"वाच, ग्रंथपाल."

कागदावर मावशीचं नाव होतं, आणि खाली 'चोरीच्या संशयावरून कायमची बंदी'. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्याकडून तिला काही अपेक्षाच नव्हती.

मी कागद उचलला आणि अण्णांच्या पुढ्यात परत ठेवला.

"आज तुम्ही वाचा, अण्णा."

एवढंच बोललो. आवाजही फार मोठा नव्हता.

अण्णांनी कागद हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मान वाकडी करून बाजूनं पाहिला. खुर्च्यांची करकर थांबली. विमावाले म्हणाले, "अहो अण्णा, उलटा धरलाय." आणि मग तेही गप्प झाले.

अण्णांनी कागद टेबलावर ठेवला आणि हातानं सपाट केला.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. "काल संध्याकाळी विमावाल्यांच्या गाडीला मी धडकलो. प्लेट माझ्या घरी आहे. या बाईनं काहीही केलेलं नाही. केलंय ते मी, आणि दिवसभर ते तिच्या नावावर राहू दिलं."

मग त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. ती ठेवताना त्यांचा हात किती सावकाश गेला, हे फक्त मी पाहिलं असेल.

सगळ्यांत आधी पैलवान उठला. "म्हणजे काल तुम्हाला मी दिसलोच नाही?"

"आवाज आला होता. कुणाचा आहे, कळला नाही."

"आणि मी दिवसभर शिव्या घालतोय!" त्यानं किल्ली उचलली. "उद्या वहिनींना कधी न्यायचं, सांगा. रस्ता त्यांना सांगू दे. मला सगळे दंडाचेच रस्ते माहीत आहेत."

विमावाल्यांनी स्वतःचा ठराव फाडला आणि तुकडे खिशात घातले. मावशीजवळ जाऊन ते काहीतरी पुटपुटले. तिनं ऐकून घेतलं. मग अण्णा काठी टेकत तिच्या दिशेनं निघाले, पण थोडे चुकून भलत्याच खुर्चीपुढे थांबले. मावशीनं क्षणभर वाट पाहिली, मग दोन पावलं पुढे झाली.

"इकडे आहे मी," ती म्हणाली.

त्यांचं काय बोलणं झालं, ते मी ऐकलं नाही. ते ऐकायचं नव्हतंच.

आता अण्णांची गाडी पुन्हा तोंड बाहेर करून उभी असते. पैलवान लावतो. बंपरवरचा ओरखडा सगळ्यांना दिसतो. मावशी ती गाडीही पुसते. वहिनींनी दवाखाना सोडलेला नाही.

लोक मला आता 'डिटेक्टिव्ह काका' म्हणतात. मी काही बोलत नाही. कारण रोज सकाळी काम संपलं की मावशी माझ्या खिडकीखाली येते, बादली पालथी करते, शेवटच्या थेंबापर्यंत निथळू देते आणि मग आतली बाजू माझ्याकडे करून धरते.

"बघून घ्या, काका," ती म्हणते.

हसत म्हणते की नाही, ते माझी मान खाली असल्यामुळे मला कळत नाही.